आता हिशेब आपल्या पोरांनी करायचा!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या एका गावातले तिघे जण आमच्या कार्यालयात आले. एक सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि दोघे त्यांचे पुतणे. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एका प्रस्तावित प्रकल्पाचा जाडजूड अहवाल. जनसुनावणी पंधरा दिवसांवर आलेली. 'वकीलसाहेब, यात आमच्या जमिनीचं, आमच्या पाण्याचं, आमच्या मासळीचं काय लिहिलंय तेवढं सांगा,' एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही चष्मा लावला आणि पाने उलटू लागलो. भूसंपादनाचा भाग आला तेथे आमची जीभ सुटली. कलमे, नोटिसा, मुदती, हरकती, सगळे धडाधड सांगितले. पुढे तक्ते आले. किरणोत्सारी पदार्थांची नावे, त्यांच्यापुढे आकडे आणि वर 'हाफ लाइफ' असे शीर्षक. येथे मात्र आमची जीभ टाळूला चिकटली. इतकी वर्षे वकिली केली, मोर्चे काढले, भाषणे ठोकली. पण समोरच्या माणसाला त्या तक्त्यातली एक ओळ समजावून सांगता येईना.

आमच्याकडे त्या वेळी वस्तीतलीच एक मुलगी फीचे पैसे सुटावेत म्हणून संध्याकाळी अर्ज टाईप करायला येत असे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, 'काका, हे अवघड नाही. हे चक्रवाढ व्याजाचं उलटं आहे. व्याजात रक्कम वाढत जाते, यात पदार्थ अर्धा अर्धा होत जातो.' मग तिने संगणकावर आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबले आणि पडद्यावर आकड्यांची रांग उतरली. हजार, पाचशे, अडीचशे, सव्वाशे... आजोबा खुर्ची पुढे ओढून पाहू लागले. म्हणाले, 'म्हणजे सावकाराच्या वहीच्या उलट. पोरी, मग हे संपणार कधी?' मुलीने तक्त्यातला आकडा घातला आणि म्हणाली, 'आजोबा, हजाराचा एक व्हायला तीनशे वर्षं.' आजोबांनी पुतण्यांकडे पाहिले. जनसुनावणीत विचारायचा पहिला प्रश्न तेथेच तयार झाला.

त्या दिवशी आम्हाला जे कळले ते वाचकांपुढे ठेवण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या समाजाचा आणि एकूणच बहुजनांचा इतिहास पाहिला तर आपल्याला नागवणारे हत्यार बहुतेक वेळा वहीच होते. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, हिशेब सावकाराचा आणि खाली अंगठा आपला. शंभराचे दोनशे कसे झाले आणि दोनशेचे आठशे कधी झाले हे अंगठा देणाऱ्याला कधी कळलेच नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांचे मुख्य लक्ष्य काय होते? सावकारांकडची कर्जखते आणि वह्या. कागद जाळला की हिशेब संपेल असे त्या बिचाऱ्यांना वाटले. पुढे १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. पण कागद जाळून किंवा कायदा करून हिशेब येत नसतो. तो शिकावाच लागतो. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दुखण्यावर बोट ठेवण्यासाठी.

आज अंगठ्याची जागा सहीने घेतली आहे. आपली माणसे शिकली आहेत, सही करतात. पण ज्या कागदावर सही करतात त्यातला आकडा त्यांना मांडून पाहता येतो काय? वाचता येणे वेगळे आणि मांडता येणे वेगळे. अहवालात लिहिले आहे की धोका नगण्य आहे. नगण्य म्हणजे किती? कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याने भागून हे 'नगण्य' निघाले? हे विचारता आले नाही तर आपली सही आणि आजोबांचा अंगठा यांत काय फरक राहिला?

वस्तुस्थिती काय आहे ते पाहू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणुविद्युत केंद्राची आकृती आहे. आपली मुले ती पाठ करतात, पेन्सिलीने काढतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. संगणकाचे म्हणाल तर एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्यापुरते घेतले जाते. टंकलेखन येते, तक्ता भरता येतो. पण संगणकाला स्वतःच्या डोक्याने हुकूम सोडता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून प्रोग्रॅमिंग शिकवण्याची भाषा केली. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांनी लगेच खासगी शिकवण्या लावल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाचे काय? त्याच्या शाळेतला संगणक बहुधा प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकून ठेवलेला असतो, तपासणीच्या दिवशी दिसावा म्हणून!

म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही काही जणांनी वस्तीतल्या विहारात रविवारचा वर्ग सुरू केला. दोन जुने संगणक, एक फळा आणि आठवी ते बारावीची मुले. शिकवणारी तीच मुलगी. आम्ही मागे बसून शिकणारे. प्रोग्रॅमिंग वेगळे आणि विज्ञान वेगळे असे तिने ठेवलेच नाही. अणुऊर्जेतली एक गोष्ट समजून घ्यायची आणि तिचाच हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा. हे पाठ कोणत्याही विहारात, कोणत्याही वसतिगृहात घेता येतील असे आहेत, म्हणून थोडक्यात देत आहोत.

सुरुवात अगदी मुळापासून. अणुविद्युत केंद्र म्हणजे शेवटी पाणी उकळण्याची चूलच. कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, येथे युरेनियमच्या अणूचे केंद्रक फोडून. वाफेने चाक फिरते, चाकाने जनित्र फिरते, वीज तयार होते. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या हजार अणूंत साधारण सातच अणू युरेनियम-२३५ या प्रकारचे असतात आणि सहज फुटणारे तेच. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर अडीच हजार टनांहून अधिक चांगल्या कोळशाइतकी उष्णता देते. दहा टनी ट्रक धरले तर अडीचशे ट्रकांची रांग! यात जादू नाही आणि राक्षसही नाही. हे पहिल्या रविवारी मुलांना पटले की अर्धे काम झाले.

पहिला पाठ साधा गुणाकार. आपल्याच राज्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. तेथील तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची. एक अणुभट्टी पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालली तर किती युनिट वीज? मुले संगणकाला तीन ओळी लिहितात: क्षमता इतकी, तास इतके, गुणून छाप. उत्तर येते १ कोटी २९ लाख ६० हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारे घर धरले तर एका दिवसात १ लाख २९ हजार ६०० घरांची महिन्याची वीज. मग दुसरा भाग. उष्णतेच्या शंभर भागांपैकी साधारण तीसच भाग विजेत येतात, बाकीचे सत्तर कोठे जातात? ५४० मेगावॉट वीज हवी तर सुमारे १८०० मेगावॉट उष्णता निर्माण करावी लागते. उरलेले १२६० मेगावॉट समुद्राच्या पाण्यात जातात. आता मच्छीमाराचा 'पाणी तापेल का' हा प्रश्न कोणाला अडाणी वाटेल काय? त्या प्रश्नामागे १२६० हा आकडा उभा आहे. पाणी किती वाढीव तापमानाने आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर सोडणार, हे विचारायला आठवीतला मुलगाही पुरेसा आहे.

दुसरा पाठ अर्धायुष्याचा. किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला जो काळ लागतो ते त्याचे अर्धायुष्य. येथे मुले 'लूप' शिकतात, म्हणजे तेच काम पुनःपुन्हा करून घेणे. शिल्लक हजार घे, दहा वेळा दोनने भाग, प्रत्येक वेळी छाप. दहाव्या वेळी शिल्लक एकाच्या आत येते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे ऐंशी दिवसांत हजाराचा एक. सीझियम-१३७ चे तीस वर्षांचे, म्हणजे तीनशे वर्षे. पहिल्या बाजीरावाच्या काळापासून आजपर्यंतचा काळ मोजा! आणि प्लुटोनियम-२३९ चे २४,१०० वर्षांचे. दहा वेळा निम्मे व्हायला दोन लाख ४१ हजार वर्षे. सगळा किरणोत्सार सारखाच, असे घाबरून बोलणारे आणि सगळे काही दिवसांत विरून जाते, असे हसून सांगणारे, दोघांचीही तोंडे या दहा ओळी बंद करतात.

तिसरा पाठ साखळी प्रक्रियेचा. एक केंद्रक फुटले की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढची केंद्रके फोडू शकतात. मुलीने फळ्यावर लिहिले, हजार न्यूट्रॉन आणि शंभर पिढ्या. प्रत्येक पिढीत संख्या १.०१ पट झाली तर? संगणक म्हणतो २,७०४. ०.९९ पट झाली तर? ३६६. अगदी १ पट राहिली तर? हजारच. शंभरात एकाचा फरक आणि परिणाम एवढा! अणुभट्टी चालवणे म्हणजे हा आकडा एकावर धरून ठेवणे, आणि न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या त्याचसाठी असतात. काही न्यूट्रॉन जरा उशिरा बाहेर पडतात म्हणून माणसाला ही गती आवरता येते. वर्गातला एक मुलगा म्हणाला, 'हे बचत गटाच्या व्याजासारखंच आहे, महिन्याला एक टक्का.' आम्ही म्हटले, 'बाळा, तुझ्या पणजोबांना हे समजलं असतं तर जमीन गेली नसती.'

चौथा पाठ आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कामगाराचा आहे. किरणोत्साराची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आपल्या देशातील नियमानुसार किरणोत्सारात काम करणाऱ्याला कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये आणि सलग पाच वर्षांची बेरीज १०० च्या वर जाता कामा नये. सामान्य नागरिकासाठी वर्षाला एक. आता मुलांना पाच आकडे द्यायचे: २८, २५, २२, १८, १५. प्रोग्रॅम लिहा आणि सांगा, नियम पाळला गेला काय? बहुतेक मुले पहिल्या फटक्यात एकच अट घालतात, ३० पेक्षा जास्त असेल तर इशारा दे. संगणक गप्प राहतो. सगळे ठीक आहे! मग एखादी मुलगी बेरीज करते. १०८. नियम मोडला गेला आहे. दोन्ही अटी घालेपर्यंत संगणकाला तो दिसत नाही. संगणक तुम्ही जे विचारले तेवढेच सांगतो. ठेक्यावर काम करणाऱ्या आपल्या भावाच्या नोंदीत वर्षागणिक आकडे सरळ दिसत असतील, पण बेरीज कोणी केली आहे काय? आणि ठेकेदार बदलला, जागा बदलली, तरी बेरीज त्याच माणसाची राहायला हवी. हा विचार त्या मुलांच्या डोक्यात आला तो प्रोग्रॅम चुकल्यामुळे. चूक करून शिकण्याची ही सोय पाठांतरात कोठे आहे?

प्रोग्रॅमिंगची बाराखडी आणि अणुऊर्जा ही जोडी कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. त्यांच्यासाठी एका माणसाची हकीकत सांगतो. जॉन केमेनी हा हंगेरीतला ज्यू मुलगा. हिटलरशाहीच्या छायेतून त्याचे कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले. विद्यार्थी असतानाच त्याने लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आकडेमोडीचे काम केले. पुढे तो डार्टमथ कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. त्या काळी संगणक म्हणजे मूठभर तज्ज्ञांची मक्तेदारी. सामान्य विद्यार्थ्याने गाभाऱ्याच्या बाहेरून दर्शन घ्यायचे! केमेनी आणि त्याचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये 'बेसिक' नावाची सोपी संगणकभाषा तयार केली, ती नवख्या विद्यार्थ्यांसाठी, कला शाखेच्याही. प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक खुला असावा हा त्यांचा आग्रह होता. जगभरातल्या लाखो मुलांनी प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा त्या भाषेत केला. हाच केमेनी १९७० मध्ये डार्टमथचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने अमेरिकेच्या मूळनिवासी मुलांना प्रवेश देण्याचा संकल्प सोडला. ज्या संस्थेच्या सनदेतच त्यांच्या शिक्षणाचा उल्लेख होता, तिच्यातून दोनशे वर्षांत विसापेक्षा कमी मूळनिवासी पदवीधर झाले होते. दार उघडे आहे असे कागदावर लिहिणे आणि प्रत्यक्ष उघडणे यांतला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

आता पुढचे ऐका. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बारा जणांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष हेच केमेनी. आयोगात अपघातस्थळाजवळच्या मिडलटाऊन गावची एक गृहिणीही सदस्य होती. काय निघाले चौकशीत? एक झडप उघडी राहून अडकली होती आणि तिच्यातून भट्टी थंड ठेवणारे पाणी निघून जात होते. नियंत्रण कक्षातला दिवा विझला म्हणून कर्मचाऱ्यांना वाटले झडप बंद झाली. पण तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता! झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला, काम झाले नाही. शंभराहून जास्त इशारे एकदम वाजत होते आणि काय चालले आहे ते कळत नव्हते. दोन तासांहून अधिक काळ झडप उघडी राहिली आणि भट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. आयोगाचा निष्कर्ष असा की मुख्य दोष यंत्रापेक्षा माणसांच्या तयारीत, प्रशिक्षणात आणि व्यवस्थेच्या वृत्तीत होता.

ही गोष्ट आम्ही रविवारच्या वर्गात सांगितली तेव्हा मुले शांत झाली. मग आम्ही विचारले, आपल्याकडे असे दिवे किती आहेत? कर्ज माफ झाले असे पत्रक निघते, शिष्यवृत्ती जमा झाली असा निरोप येतो, पुनर्वसन पूर्ण झाले असा अहवाल येतो. दिवा विझलेला असतो, झडप मात्र उघडीच! तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. त्या लोकांना पुनर्वसनासाठी न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागला. हुकूम आणि अंमलबजावणी यांतले अंतर मोजणे हे वकिलाचे काम, अभियंत्याचे काम आणि चळवळीचेही काम. तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचा मथितार्थ तरी दुसरा काय आहे? कोणी थोर माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा.

आमच्या या वर्गाला आपल्याच लोकांकडून विरोधही झाला. तो लपवण्याचे कारण नाही.

पहिला आक्षेप विहार समितीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा. 'दादा, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं द्या. अणू-बिणू घेऊन काय करायचं? त्यानं पोट भरणार आहे का?' त्यांची कळकळ आम्हाला कळते. त्यांनी हमाली करून मुले शिकवली आहेत. पण सरकारी जागा वर्षागणिक कमी होत चालल्या असताना आपण सगळी मुले एकाच खिडकीपुढे उभी करणार काय? स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी. मात्र ज्या मुलाला हिशेब मांडता येतो तो त्या परीक्षेतही मागे पडत नाही. आणि अणुभट्टीच्या कुंपणात ठेक्याने झाडू मारायला आपणच, कुंपणासाठी जमीन द्यायला आपणच, मग नियंत्रण कक्षात बसायला आणि नियामक मंडळात प्रश्न विचारायला आपण का नाही?

दुसरा आक्षेप प्रकल्पविरोधी मित्रांचा. त्यांचे म्हणणे, मुलांना अणुऊर्जा शिकवणे म्हणजे प्रकल्पाचा प्रचार करणे. आम्हाला हे मान्य नाही. ज्याला विरोध करायचा त्याने तर आधी शिकले पाहिजे. चेर्नोबिल १९८६ आणि फुकुशिमा २०११ ही नावे घोषणेत घालणे सोपे आहे. तेथून कोणते पदार्थ बाहेर पडले आणि त्यांतले आज किती शिल्लक आहेत हे सांगता आले तर समोरचा अधिकारी सावरून बसतो. नुसत्या भीतीवर उभे राहिलेले आंदोलन एका गुळगुळीत सादरीकरणाने कोसळते. आमच्या वर्गातून उद्या एखादी मुलगी अणुशास्त्रज्ञ होईल आणि एखादा मुलगा प्रकल्पाविरुद्ध याचिका करील. दोघेही आमचेच. दोघांचे आकडे मात्र बरोबर असले पाहिजेत.

तिसरा आक्षेप अगदी ताजा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकायचे कशाला? अहो, सावकाराचा मुनीमही आपल्याला वही लिहून देतच होता! लिहून देणारा मिळाला नाही ही आपली अडचण कधीच नव्हती. लिहिलेले तपासणारा आपल्यात नव्हता, ही अडचण होती. यंत्राने दिलेला प्रोग्रॅम दुसरी अट विसरला आहे आणि १०८ ला 'ठीक' म्हणतो आहे, हे ओळखायला स्वतः एकदा ती चूक केलेली असावी लागते.

बाबासाहेबांचे नाव आपण ऊठसूट घेतो. पण बाबासाहेब हा आकड्यांचा माणूस होता हे विसरतो. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आणि १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ उघडून पाहा. तक्त्यामागून तक्ते. ब्रिटिश सरकारचाच हिशेब मांडून त्यांनी सरकारला उत्तर दिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. देशाच्या औद्योगिकीकरणासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, अशी भूमिका त्यांनी १९४३ मध्येच मांडली आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक ऊर्जा मंडळ उभे राहिले. वीज कोणाच्या घरी पोहोचणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न त्यांना परका नव्हता. मग तो आपल्याला परका का वाटावा?

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. ट्रॉम्बेच्या त्या कुंपणापासून मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्या फार दूर नाहीत. त्या वस्त्यांतल्या किती मुलांना कुंपणाच्या आत काय चालते हे चार वाक्यांत सांगता येईल? हा दोष त्या मुलांचा खचितच नाही. तो आमच्यासारख्या शिकलेल्यांचा आहे, जे फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि वर्षातून दोनदा हार घालायला वस्तीत येतात.

वेळ थांबून राहिलेली नाही. जैतापूरला अणुवीज प्रकल्पाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे डोक्यावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा मोडीत काढला आणि या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. म्हणजे नवे प्रकल्प येणार, नवे अहवाल येणार, नव्या जनसुनावण्या होणार. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण खरी गोम सारांशात नसते, ती मागच्या इंग्रजी तक्त्यांत असते. माहितीच्या अधिकारात आपण तक्ते मागवू. ते मिळाल्यावर वाचणार कोण?

म्हणून आमची समाजातील शिकलेल्या वर्गाला विनंती आहे. पाच रविवार द्या. आपल्या विहारात, वसतिगृहात किंवा कोणाच्या ओसरीवर एक जुना संगणक ठेवा. पायथॉनसारखी संगणकभाषा फुकट मिळते, तिला परवाना लागत नाही. संगणक नसेल तर पाटीवर तोच हिशेब करा, उत्तर बदलत नाही. चार रविवारी वरचे चार पाठ घ्या. पाचव्या रविवारी मुलांना आपल्या तालुक्यातला कोणताही खरा कागद द्या. मग तो धरणाचा असो, कारखान्याचा असो वा वीजबिलाचा. त्यातला एक आकडा स्वतः मांडून तो बरोबर आहे की नाही ते सांगायला सांगा. शिकवणारे कोणी मिळत नाही ही सबब सांगू नका. प्रत्येक वस्तीत बी.एस्सी. करणारी एक तरी पोरगी आहे. तिला पुढे बसवा आणि आपण मागे बसा.

ते आजोबा आता हयात नाहीत. त्या जनसुनावणीत त्यांनी माईक हातात घेऊन तो एकच प्रश्न विचारला होता, 'साहेब, हजाराचा एक व्हायला तीनशे वर्षं लागतात असं तुमचाच तक्ता सांगतो. तोवर या राखेची राखण कोण करणार, आणि त्याच्या पगाराची सोय कोणत्या पानावर आहे?' मंचावर कुजबुज झाली, पाने चाळली गेली, 'लेखी उत्तर देऊ' असे सांगण्यात आले. लेखी उत्तर आले की नाही हा वेगळा विषय. पण आयुष्यभर कागदावर अंगठा उठवलेल्या त्या माणसाने त्या दिवशी कागदालाच जाब विचारला. आपल्या पोरांना एवढे बळ देणे हे आपले कर्तव्य आहे. ते आपण करणार आहोत की नाही?